शेवटच्या सायकलचं टायमिंग

सुलक्षणा घाडीगावकरला राग म्हणून येत नाही, असं तिच्या लॅबमधल्या मुली सांगतात. पोरं सुई बघून भोकाड पसरोत की म्हातारे हात आखडून घेवोत, ही बाई गोड बोलून शीर शोधते आणि रक्त काढून मोकळी होते. मुलींचं हे मत सोमवार ते शनिवार अगदी खरं आहे. रविवारी पहाटे मात्र मुलुंड चेकनाक्याला, विकीच्या चहाच्या टपरीसमोर, सायकलच्या दांडीवर बूड टेकून ती उभी असते, तेव्हा तिच्या वाटेला कुणी जाऊ नये.

कारण तेव्हा ती वाट बघत असते.

'पहाटपेडल' हा मुलुंडच्या सायकलवाल्यांचा ग्रुप. पहाट काय ती नावातच. साडेपाच ठरलेले असतात, पावणेसहाला पहिला मेसेज येतो, 'निघालोच', आणि तो पाठवणारा अजून दात घासत असतो हे सुलक्षणाला इतक्या वर्षांत पाठ झालंय. मग कुणाच्या टायरमध्ये हवा नसते, कुणाचा चष्मा घरी राहतो, कुणाला आयत्या वेळी पोट आठवतं. सुलक्षणा मुलुंड पूर्वेहून येते आणि सगळ्यात आधी पोचते. बरं, एकदा निघाल्यावर तरी सुटका? तेही नाही. ग्रुपमध्ये एकाला सगळ्यांच्या मागे राहावं लागतं. कुणी दमलं, कुणाची चेन उतरली, कुणी पंक्चर झालं, तर त्याच्याजवळ थांबायचं आणि त्याला घेऊनच पुढे यायचं. ह्या माणसाला सायकलवाले 'स्वीप' म्हणतात. सहा वर्षं ही स्वीप म्हणजे सुलक्षणा.

सुरुवातीला त्यात तिला काही वाटलं नव्हतं. तेव्हा ती नवी होती, हळू होती, मागेच पडायची. मागे पडतेच आहे तर मागचं बघेन, एवढा साधा हिशेब. पुढे पाय तयार झाले, आरे कॉलनीतला चढ ती बोलत बोलत चढायला लागली, पण काम काही सुटलं नाही. एकदा का बाई पंगतीत वाढायला उभी राहिली, की तू पण बस गं असं तिला कुणी म्हणत नाही. तिच्या पाठीवरच्या खिशांत दोन जादा ट्यूब, मीठ-साखरेच्या पुड्या, चिकटपट्टी आणि इतरांच्या घरच्या किल्ल्या. समोर इतरांच्या पाठी. कोण कसं डोलतं, कोणाचा गुडघा बाहेर जातो, सगळं तिला ठाऊक. फक्त एकच ठाऊक नव्हतं. आपण जीव खाऊन सायकल मारली तर किती वेगात जातो? सहा वर्षांत ते तिला एकदाही कळलं नव्हतं, कारण दर रविवारी तिचा वेग म्हणजे त्या दिवशी जो सगळ्यात हळू असेल त्याचा वेग.

एकटीने जावं, तर घरी तह झालेला. नवरा चंद्रप्रकाश म्हणाला होता, "सायकल चालव, माझं काय जातंय. पण काळोखात हायवेवर एकटी नाय. ग्रुपबरोबर जा." सासू सोनूबाईंना तर ग्रुपही मंजूर नव्हता. दर रविवारी दाराशी हेल्मेटचा पट्टा लावताना आतून आवाज येणारच, "खंय चललंस गो? आयतवारी पण पाय घरात ठरणा नाय तुजो!"

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी राइडवरून परत आल्यावर टपरीवर सगळे घामाने निथळत बसले होते. मुकुल पवईच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने त्या दिवशी नवी सायकल आणली होती. टाइम ट्रायलची सायकल, म्हणजे एकट्याने घड्याळाशी शर्यत लावायची. पुढे दोन शिंगं, त्यांच्यावर कोपरं टेकून माणसाने ओणवं व्हायचं, पाठ पाटासारखी सपाट. मागचं चाक अख्खं बंद, आरा एक दिसत नाही.

"बघितलीस, ताई? झकास ना?"

"बघितली. चाक का बुजवलंय रे?"

"डिस्क आहे ती. हवा कापते."

घाटकोपरचा हर्षद, वर्षभर लोकांचे आयकराचे कागद बघून बघून डोळे बारीक झालेला, सायकलभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "मस्तच आहे यार. पण ह्या उन्हाळ्यात चालवणार कधी? सातला तर तवा तापतो. मी म्हणतो, चारला निघायचं."

"तू चारला?" सुलक्षणाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "साडेपाचला येऊन दाखव आधी."

"उन्हाळ्यात बाहेर जायचंच कशाला पण?" ही श्रुतिका. भांडुपला बँकेत आहे, ग्रुपमध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात वेगवान. "मी घरात सायकल स्टँडवर लावून जागच्या जागी पेडल मारते. समोर पंखा, बाजूला कोकम सरबत."

"उलटं आहे, उलटं," मुकुल हात उंचावून म्हणाला. ह्या माणसाने हात वर केला की समजावं, आता मोबाइलवर वाचलेलं काहीतरी येणार. "उन्हाळाच बेस्ट. गरम हवा पातळ असते. अडवते कमी. तेवढ्याच ताकदीत जास्त स्पीड."

"हवा पातळ होते ते कळलं. आणि माणूस?"

"माणूस ट्रेन करायचा, ताई."

"बाटलीचा स्टँड कुठाय?"

"काढला. हवा अडते."

"ब्रेक एवढे लांब?"

"शिंगं धरली की ब्रेक लागतच नाही ना."

"मग पुढे खड्डा आला तर हात कोण दाखवणार? मागच्याने खड्डा बघायचा कुठे, तुझ्या ह्या भरलेल्या चाकात?"

मुकुल हसला. मोठी माणसं असं बोलणारच, अशा समजूतदारपणे हसला. सुलक्षणाला त्या हसण्याची मनस्वी चीड होती. रस्त्यात खड्डा दिसला की पुढच्याने हात खाली करून बोट दाखवायचं, ओरडायचं, आणि ते ओरडणं एकामागून एक शेवटपर्यंत पोचवायचं, हा ग्रुपचा पहिला नियम. शेवटपर्यंत म्हणजे तिच्यापर्यंत. बारा जण खड्डा चुकवून गेल्यावर तिचं चाक त्यात जावं, हे तिला परवडणारं नव्हतं, कारण तिच्यासाठी थांबायला मागे कुणी नव्हतं.

मुकुलने सायकल आणली होती ती काशीराम सरांच्या शर्यतीसाठी. सर म्हणजे घाटकोपरच्या एका शाळेतले निवृत्त पीटीचे मास्तर. दर उन्हाळ्यात ते आपल्या हौसेने टाइम ट्रायल लावतात. मुलुंडहून हायवेने घाटकोपर आणि परत. रस्ता कुणी बंद करून देत नाही. पहाटेच्या विरळ रहदारीत, डाव्या कडेने. ह्या वर्षी त्यांनी चौघांच्या टीम ठेवल्या होत्या. चौघांनी निघायचं, आळीपाळीने पुढे राहून वारा झेलायचा, आणि तिसऱ्याचं चाक रेषेवरून गेलं की सर घड्याळ थांबवणार. तोच टीमचा वेळ. पहिला कितीही आधी येऊन बसला तरी उपयोग शून्य.

पहाटपेडलचा चौथा होता सुयोग, आणि तो लग्नासाठी सावंतवाडीला चाललेला.

"मग चौथा कोण?" हर्षदने विचारलं.

"मी येते," सुलक्षणा म्हणाली.

हर्षदने मुकुलकडे बघितलं.

"म्हणजे ये ना, ताई," मुकुल म्हणाला. "फक्त, मग सपोर्टला कोण? पाणी वगैरे? पंक्चर?"

"पाणी वगैरे तू कर की! तुझ्याकडे बाटलीपण नाय!" तिचा आवाज एवढा चढला की पलीकडचा रिक्षावाला वळून बघायला लागला. "सहा वर्षं तुमच्या ट्यूबा वाहते मी. मला एकदा, फक्त एकदा, घड्याळ लावून जायचंय. कळू दे ना मला, मी किती जाते ते."

श्रुतिकाने बिचारीने बाजू सावरायला घेतली. "येऊ दे ना रे. तिसऱ्याचा वेळ धरतात. चौथं कोणी पण चालतं."

अशी बाजू सावरण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. पण जागा मिळाली होती. सुलक्षणाने चहा संपवला आणि शब्द गिळला.

शर्यतीच्या रविवारी सर उजाडायच्या आत रेषा आखून उभे होते. पहाटपेडलचा नंबर दुसरा होता. हर्षद आणि श्रुतिका, नवल म्हणजे, वेळेवर. मुकुल आला तेव्हा फटफटलं होतं, आणि आल्यावर घोडं अडलं ते चाकाच्या हवेवर. त्या बंद चाकाला हवा भरायचं तोंड एका बारक्याशा कोनाड्यात होतं. साधा पंप तिथे बसेचना. खास जोडणी लागते म्हणे. ती कुठाय? घरी. मुकुल परत घरी गेला. दुसरा नंबर गेला, चौथा गेला, सगळे गेले. सूर्य उघड्या माथ्यावर बसायला तयार होऊन वर आला. सुलक्षणा रेषेजवळ आपल्या जुन्या लोखंडी सायकलवर हात ठेवून उभी होती. आजच्या दिवशी तरी, तिला वाटत होतं, आजच्या एका दिवशी तरी मला ह्यांची वाट बघायला लावू नका रे.

"शेवटी सोडतो तुम्हाला," सर म्हणाले. "ऊन वाढलंय. पाणी आहे ना सगळ्यांकडे?"

"आहे, आहे," मुकुल म्हणाला. खोटं. त्याच्या डोक्यावर थेंबाच्या आकाराचं गुळगुळीत हेल्मेट होतं, वारा आत जायला एक भोक नसलेलं. ते हवा फारच छान कापत असणार.

आणि निघाले. आता मुकुलने पुढे किती राहायचं, थोडं राहून बाजूला व्हायचं, मग हर्षद, हे सगळं टपरीवर चार वेळा घोकलेलं. पण नवी सायकल, सपाट हायवे, आणि बाजूने जाणाऱ्या बसमधून चार डोकी वळलेली. मुकुल बाजूला होईचना. कांजूरमार्गच्या आसपास एक खड्डा आला. शिंगं धरलेल्याने हात दाखवला नाही. चौघांची हाडं खुळखुळली, हर्षदने मुकुलच्या आईची आठवण काढली, आणि मुकुलला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही, कारण त्याचे कानही हेल्मेटच्या आत होते.

घाटकोपरला वळसा घेतला आणि विक्रोळीच्या अलीकडेच मुकुलचे पाय गेले. तो बाजूला झाला, एकेकाला पुढे सोडत मागे आला. सुलक्षणाच्या शेजारून मागे जाताना त्याचं तोंड लालबुंद होतं. "जा तुम्ही," तो पुटपुटला.

"चला!" हर्षद ओरडला. "तिघं बस आहेत!"

आता तिसरी म्हणजे सुलक्षणाच. तिच्या चाकावर टीमचा वेळ. हर्षद पुढे, मग श्रुतिका, मग ती स्वतः पुढे. सहा वर्षांत पहिल्यांदा ती पुढे होती आणि मागून श्रुतिका ओरडत होती, "ताई, हळू! ताई, दम धर!" ताई, हळू! सुलक्षणाला एवढा आनंद झाला की ती आणखी जोरात निघाली. मांड्या पेटल्या होत्या, छातीत भाता चालला होता, आणि तिला कळत होतं की ती चांगली आहे, नुसती बरी नाही, चांगली आहे.

आणि तिने मागे बघितलं. खोड, दुसरं काय! मुकुल दिसेना.

येईल, ती स्वतःला म्हणाली. मोठा आहे. पण तिच्या डोळ्यांसमोर ते लाल तोंड आलं, आणि आता आठवलं की त्या तोंडावर घाम नव्हता. लॅबमध्ये एवढी माणसं चक्कर येऊन पडताना पाहिलेल्या बाईला ते नको तेव्हा आठवलं. भांडुपचे पत्रे मागे जात होते. मुलुंड थोडंच राहिलं होतं.

"मी थांबतेय!" ती ओरडली. कुणाला ऐकू गेलं की नाही देव जाणे. अस्सल मालवणी शिवी हासडत तिने सायकल वळवली आणि कडेकडेने उलटी निघाली.

मुकुल एका बसस्टॉपशी फुटपाथवर बसला होता, ते हेल्मेट तसंच डोक्यावर. नवी सायकल शेजारी आडवी.

"नाव काय तुझं?" सुलक्षणाने विचारलं.

"एकशे दहा," मुकुल म्हणाला. "पुढे शंभर, मागे एकशे दहा."

टायरची हवा सांगत होता. तिने हेल्मेट ओढून काढलं, त्याला बसस्टॉपच्या सावलीत आडवा केला, आपली एक बाटली त्याच्या डोक्या-मानेवर ओतली आणि पंखा म्हणून त्या महागड्या हेल्मेटनेच वारा घालत बसली. शेवटी ते हवेच्या कामी आलं एकदाचं. तो थोडा भानावर आल्यावर दुसऱ्या बाटलीत मीठ-साखरेची पुडी सोडून घोट घोट पाजली. बराच वेळ गेला. मग मुकुलने डोळे नीट उघडले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तू कशाला थांबलीस? टायमिंगची वाट लागली ना."

बस! सुलक्षणाचा बांध फुटला. "कशाला थांबले? सहा वर्षं कशाला थांबते मी? तुला लाज नाय वाटत विचारायला? एक दिवस मागितला होता रे मी, एक! त्या पण दिवशी तुझं चाक, तुझा पंप, तुझी हवा! पाणी नाय घेतलंस, हवा अडते म्हणून! मेला असतास तर काय अडलं असतं, सांग!" आणि ओरडता ओरडता तिला रडू आलं, ह्याचा तिला आणखीच राग आला.

हर्षद आणि श्रुतिका रेषा ओलांडून मग शोधत परत आले. हर्षदने मुकुलला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. श्रुतिका दोन सायकली सांभाळत बसली. सुलक्षणा उरलेला रस्ता एकटीच, कोरड्या घशाने, आरामात चालवत आली. सगळ्या टीम घरी गेल्या होत्या. सर मात्र छत्री उघडून रेषेवरच उभे होते.

"तुमचं घड्याळ मी बंद केलं नव्हतं," ते म्हणाले. "तिसरं चाक आल्याशिवाय मी करत नाही." त्यांनी वेळ वाचून दाखवला. तो पायी जाणाऱ्यालाही शोभला नसता.

"हे माझं टायमिंग नाही, सर," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," सर म्हणाले.

संध्याकाळी ग्रुपवर मुकुलचा लांबलचक मेसेज आला. डॉक्टरने सोडलं होतं. आज काय चुकलं ह्याचा अभ्यास त्याने केला होता: हेल्मेटला भोकं हवीत, मागच्या चाकात हवा जास्त झाली, सुरुवात थोडी जास्तच जोरात झाली. शेवटी 'थँक्स ताई' आणि जोडलेले दोन हात. सुलक्षणाने तो दोनदा वाचला आणि कपाळावर हात मारला. मग लिहिलं: 'पुढच्या रविवारी मी एकटी जाणार, घाटकोपर आणि परत. सर घड्याळ धरतील. हर्षद, त्यांना तू गाडीतून आण. सगळ्यांनी साडेपाचला चेकनाक्यावर यायचं. माझ्यासाठी.' धडाधड अंगठे आले.

चंद्रप्रकाशने विचारलं, "एकटी?"

"एकटी," ती म्हणाली, आणि तिचं तोंड बघून त्याने तह पुढे रेटला नाही.

पुढच्या रविवारी साडेपाचला ती चेकनाक्यावर उभी होती. विकी स्टोव्ह पेटवत होता. बाकी रस्ता मोकळा. ती थांबली. मग मोबाइल वाजायला लागला. हर्षद: 'निघालोच. सर खाली उभे आहेत, मी गाडीची चावी शोधतोय.' श्रुतिका: 'अलार्म वाजलाच नाही गं, सॉरी सॉरी.' मुकुल: 'ताई, थांब हं. तुझ्यासाठी माझी शिंगं आणतोय, स्क्रू सापडत नाहीये.'

हसावं की रडावं हेही तिला कळेना. पूर्वेला आभाळ उजळायला लागलं होतं. अजून थोडं थांबलं की ऊन, मग सरांची छत्री, मग मुकुलचा सल्ला. तिने पाठीवरच्या खिशांतल्या ट्यूबा, पुड्या, चिकटपट्टी काढून टपरीच्या फळीवर ठेवल्या.

"सांभाळ रे विकी."

"कोणाला काय सांगू, ताई?"

"सांग, निघाली."

लॅबमध्ये बांधते ते मनगटावरचं घड्याळ तिने बघितलं आणि पेडल मारलं. पहिल्या पुलापर्यंत तिला चुकल्या-चुकल्यासारखं होत राहिलं, आणि काय ते समजेना. मग समजलं. समोर कुणाची पाठ नव्हती. डोलणारी नाही, बाहेर जाणाऱ्या गुडघ्याची नाही, कुणाचीच नाही. नुसता रस्ता होता, आणि तो थेट घाटकोपरपर्यंत तिचा होता. खिशात फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिने मान खाली घातली.

परत आली तेव्हा टपरीवर सगळी वरात जमली होती. सर रिकामं घड्याळ हातात धरून बाकावर, हर्षद ओशाळलेला, श्रुतिका नखं खात, आणि मुकुलच्या काखेत दोन शिंगं. सुलक्षणा उतरली. तिला धड उभं राहता येत नव्हतं. मांड्या लटलटत होत्या आणि तोंडावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. तिने मनगट बघितलं, नीट बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की श्रुतिका ताडकन उठली.

"किती, ताई? किती आलं?"

"वेळेवर आला असतात तर कळलं असतं," सुलक्षणा म्हणाली.

घड्याळ काढून तिने खिशात टाकलं, बाकावर सरांच्या शेजारी बसली, आणि मुकुलने न सांगता आणून दिलेला चहा फुंकर घालत, सावकाश, सगळ्यांना थांबवून ठेवत प्यायली.